पेटीतल्या एकोणीस लेन्स: ओरखडा, पोचा, फंगस आणि भावातली घट

प्रकल्प नोंदी. दांडिया बाजार, बडोदा. जुलै ते सप्टेंबर २०२५

१४ जुलै २०२५, सोमवार

माल आला. बंद झालेल्या एका फोटो स्टुडिओच्या कपाटातल्या १९ लेन्स, पत्र्याच्या पेटीत. ९ निकॉन एफ माउंट, ६ कॅनन ईएफ, ४ एम४२ स्क्रू माउंट. (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती मागची कडी.) २२ सप्टेंबरला नवरात्राचे घट बसतायत. गरब्याचे फोटो काढणाऱ्यांची खरेदी त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत होते. तेवढ्या वेळात प्रत्येक नगाबद्दल तीन गोष्टी ठरवायच्या: खराब काय आहे, त्याने फोटोत काय बिघडतं, आणि त्यापायी भाव किती उतरवायचा. गिऱ्हाईक पहिली बघतं आणि तिसरीवर घासाघीस करतं. मधली सहसा कोणी तपासत नाही.

पेटी उघडल्यावर वास आला तो ओल्या चामड्याचा. सात लेन्स चामडी पाकिटांत होत्या. पावसाळ्यात चामडं आणि स्पंज ओल धरून ठेवतात, म्हणून पाकिटं बाजूला काढली. खोलीतला दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर ७८ टक्के दाखवतोय. ६०–६५ च्या वर दमटपणा टिकला की काचेवर फंगस, म्हणजे बुरशी, धरते. एका लेन्सची दुसरीला ‘लागते’ असं म्हणतात खरं, पण बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. फरक पडतो तो ओलीने. तरी टॉर्चखाली संशयास्पद दिसलेल्या सहा लेन्स वेगळ्या डब्यात ठेवल्या, सिलिका जेलसकट.

आज पुसापुशी नाही. धूळ फक्त ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने. प्रत्येक नगाचे सहा फोटो: पुढची काच, मागची काच, बॉडी दोन बाजूंनी, माउंट, आणि टॉर्च आरपार मारून एक. क्रमांक मास्किंग टेपवर लिहून मागच्या झाकणाला चिकटवले. बॉडीला चिकटवले तर दमट हवेत डिंक मागे राहतो आणि आपणच एक डाग वाढवून ठेवतो.

टॉर्च मारायची पद्धत: छोटा, एकाच एलईडीचा टॉर्च. लेन्स डोळ्यासमोर, टॉर्च पलीकडून, सरळ नाही तर ३०–४५ अंशांत तिरका. अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं पात्यांचं भोक) पूर्ण उघडं हवं. रिंगवाल्या निकॉनची रिंग सर्वांत लहान आकड्यावर, बिनरिंगच्या जी प्रकारात मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून धरायची, कॅनन ईएफ कॅमेऱ्यातून काढली की आपोआप उघडीच असते. एवढ्या उजेडात कालच खोक्यातून काढलेली लेन्ससुद्धा धुळीची गिरणी दिसते. दोष कुठे आहे एवढंच टॉर्च सांगतो. किती वाईट आहे ते फोटो काढून बघायचं.

१६ जुलै

आज बॉडी. काच सोडून बाहेरचं सगळं.

रंग उडून पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम दिसणं, प्लास्टिक घासून चकाकणं, आकड्यांमधला रंग जाणं: फोटोवर परिणाम शून्य. घट ५ ते १०, स्वच्छ नगाचा भाव १०० धरून. (पुढे सगळीकडे हाच हिशोब.) माउंटवरची घासट मात्र नीट बघायची. पितळी माउंटवरचं क्रोम गेलं असेल तर लेन्स हजारो वेळा चढली-उतरली आहे. बाकी अंग कोरं आणि माउंट झिजलेला, किंवा उलट, तर काहीतरी बदललेलं आहे. कॅनन ५० एफ/१.८ च्या दुसऱ्या आवृत्तीचा माउंटच प्लास्टिकचा आहे. तिथे दातांच्या कडा बोटाने चाचपायच्या.

पांढुरकं पडलेलं रबर पाच नगांवर. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, पाच मिनिटं. काळं होतं, पण काही महिन्यांनी पुन्हा पांढरं पडतं, तेव्हा विकण्याच्या आदल्या दिवशी घासून ‘नव्यासारखं’ म्हणणं बरोबर नाही. क्र. २, निकॉर १८-१०५: झूमचं रबर फुगून सैल झालंय, बोटाबरोबर सरकतं. आतून दुहेरी टेप लावून बसवता येतं, पण दोन महिन्यांत टेप निघतो. नवी रबराची पट्टी स्वस्त आहे, तीच लावावी. घट पट्टीच्या किमतीएवढी, वर दोन-तीन.

नेलपॉलिश. लग्नात चार जणांच्या लेन्स एकाच टेबलावर पडतात, म्हणून ओळखीसाठी लाल ठिपका लावायची पद्धत आहे. सात नगांवर सापडला. धातूच्या अंगावरून लाकडी टूथपिक आणि अल्कोहोलने निघाला. क्र. १२, म्हणजे वर म्हटलेली प्लास्टिकची ५०, हिच्यावर मात्र चूक झाली. ठिपका जुना आणि जाड होता म्हणून नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस टेकवला. त्यात अ‍ॅसिटोन असतं आणि ते प्लास्टिक खातं. चार सेकंदांत नखाएवढा भाग पांढुरका आणि चिकट झाला. ठिपका गेला, जागी डाग आला, तो कायमचा. ठिपक्याने भाव दोनने उतरला असता, आता आठने. लाल ठिपका निघत नसेल तर राहू द्यावा.

क्र. १, निकॉर ५० एफ/१.८ डी. अ‍ॅपर्चर रिंगच्या वर सुईने कोरलेली तीन अक्षरं, स्टुडिओच्या नावाची. काच निर्मळ, भोकाचे ब्लेड कोरडे, फोकस मऊ. तरीही घट १५ ते २०, कारण कोरलेलं पुसता येत नाही आणि घेणाऱ्याच्या मनात ‘चोरीची तर नाही ना’ हा प्रश्न येतो. अशा नगाबरोबर जुनं बिल किंवा विकणाऱ्याची सही असलेली पावती जोडली की निम्मी घट भरून निघते.

काळा मार्कर: दोन लेन्सचे ओरखडे आधीच्या कोणीतरी मार्करने झाकलेत. सरळ बघितलं तर कळत नाही, टॉर्च तिरका केला की शाई जांभळी चमकते. झाकलेला ओरखडा उघड्या ओरखड्यापेक्षा महाग पडतो, कारण ‘आणखी काय झाकलंय’ हा हिशोब गिऱ्हाईक मनात सुरू करतं. मार्कर अल्कोहोलने पुसून टाकला, ओरखडे उघडे केले.

१९ जुलै

पोचे. दोन नग: क्र. १० कॅनन ८५ एफ/१.८, ५८ मिमीच्या फिल्टर रिंगला तीन मिमी आत गेलेला खोल पोचा. क्र. ११ कॅनन १८-५५, रिंगला नुसती खरवड.

क्र. १० सरळ केली. लेन्स व्हाइस म्हणजे दोन अर्धगोल जबडे आणि त्यांना आतून बाहेर ढकलणारा स्क्रू. काचेवर पुठ्ठ्याची चकती ठेवली, लेन्सचं तोंड खाली. जबडा पोच्याच्या मधोमध. स्क्रू पाव फेरा, थांबा, बघा, पुन्हा पाव. एकूण सव्वादोन फेरे. शेवटचा अर्धा मिमी तसाच सोडला. रिंगचं अ‍ॅल्युमिनियम एकदा वाकून परत आलं की कडक होतं, त्यापुढे ताणलं तर चीर जाते. मग काच काढलेल्या जुन्या फिल्टरची रिंग घेऊन आटे साफ केले: आधी उलटं फिरवायचं, आटा ‘टक’ करून बसला की सुलट. कीस पडतो, म्हणून तोंड शेवटपर्यंत खालीच, वर ब्लोअर. फिल्टर आता पूर्ण बसतो.

व्हाइस नसेल तर सागवानी ठोकळ्याच्या कडेला त्याच व्यासाचा गोल कापून त्यावर हलक्या लाकडी हातोडीने ठोकतात. काम होतं, पण प्रत्येक ठोका आतल्या काचांपर्यंत जातो. ऑटोफोकसच्या लेन्सला नको.

पोचा हा पडल्याचा पुरावा आहे. भाव त्या पडण्याचा लागायला हवा, म्हणून काचा सरकल्या का ते तपासलं. अंधाऱ्या बोळात १० मीटरवर फोनचा टॉर्च, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, फॉइलला सुईचं भोक. कॅमेरा तिपाईवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. ठिपका चारही कोपऱ्यांत आळीपाळीने आणायचा, प्रत्येक कोपऱ्यात लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) दहापट मोठा करून नव्याने फोकस करायचा. कोपऱ्यातला ठिपका थोडा पंखासारखा पसरतोच. चारही पंख सारखे आणि मध्याकडे सारख्याच रोखाने हवेत. विटांच्या भिंतीचा फोटो काढायची पद्धत आहे, पण कॅमेरा भिंतीला किंचित तिरका झाला तरी एक बाजू मऊ येते आणि चांगली लेन्स बदनाम होते.

क्र. १०, खोल पोच्याची: चारही कोपरे सारखे. क्र. ११, नुसत्या खरवडीची: १८ मिमीला डावे दोन्ही कोपरे ओढलेले, उजवे ठीक. धातूची रिंग वाकते आणि वाकलेलीच राहते. प्लास्टिकची वाकून परत जागेवर येते, आणि झटका आतल्या काच धरणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्यांवर जातो. क्र. १० ला घट १२, क्र. ११ ला ६०. वरून बघून ठरवलं असतं तर आकडे उलटे लागले असते.

२४ जुलै

पुढच्या काचेवरचे ओरखडे. सगळ्यात जास्त घासाघीस इथेच होते, म्हणून आधी कागदावर हिशोब.

५० मिमी लेन्स एफ/१.८ ला (एफ आकडा लहान तेवढं भोक मोठं): फोटोतल्या एका बिंदूसाठी पुढच्या काचेतून आत येणारा प्रकाशाचा झोत ५० भागिले १.८, म्हणजे २७.८ मिमी व्यासाचा. क्षेत्रफळ सुमारे ६०६ चौ. मिमी. १० मिमी लांब, ०.१ मिमी रुंद ओरखडा १ चौ. मिमी. म्हणजे ०.१६ टक्के. २ मिमीचा टवका ३.१ चौ. मिमी, अर्धा टक्का. दिसणारच नाही. तीच लेन्स एफ/१६ ला: झोत ३.१ मिमी, क्षेत्रफळ ७.७. आता तोच टवका त्याच्या वाटेत आलेल्या झोताचा ४० टक्के प्रकाश अडवतो. १८ मिमीला एफ/१६ केलं तर झोत १.१ मिमीचा उरतो, टवका त्याच्याहून मोठा. म्हणून वाइड (कमी मिमीच्या) लेन्सवरचा डाग लांब लेन्सवरच्या डागापेक्षा जास्त महाग धरायचा.

पडताळणी, लेन्स न खरवडता: ५० मिमीवर साधा यूव्ही फिल्टर, त्यावर काळ्या टेपचा १ × १० मिमी तुकडा, मध्यापासून थोडा बाजूला. पांढऱ्या भिंतीचे फोटो, एफ/१.८ पासून एफ/१६ पर्यंत. एफ/१.८, २.८, ४: काही नाही. ८ ला, ठाऊक असेल तर, अंधूक पट्टा. १६ ला राखाडी पट्टा स्पष्ट. गरब्यात कोणी एफ/१६ लावत नाही. दागिन्यांचे किंवा वस्तूंचे टेबलावर फोटो काढणारा मात्र रोज एफ/११-१६ वापरतो. त्याच लेन्सची या दोघांना वेगळी किंमत असायला हवी.

टेप आणि ओरखडा यांत एक फरक आहे. टेप प्रकाश अडवतो, ओरखडा उधळतो. त्याचा त्रास उजेड समोरून किंवा बाजूने आला की होतो. क्र. १६, हेलिओस ४४-२, धोतराच्या सोग्याने वर्षानुवर्षं पुसल्यासारखे गोल-गोल बारीक चरे सगळ्या पुढच्या काचेवर. शेजारी क्र. १७, त्याच जातीची, पुढची काच स्वच्छ. (तिला फंगस आहे, पण कडेला.) दिवा चौकटीच्या जरा बाहेर, ४५ अंशांत. क्र. १६ मध्ये काळा कापड राखाडी झाला, क्र. १७ मध्येही थोडा झालाच, काचेवरचं चकाकी मारणारं कोटिंग जुनं ते. मग दोन्हींवर हूड (बाजूचा उजेड अडवणारी पुढची कड) लावला. फरक जवळजवळ संपला. चऱ्यांची घट २५ लावली आणि हूड फुकट दिला.

एकच, ठळक, नखात अडकणारा ओरखडा असेल तर परिणाम चऱ्यांपेक्षा कमी, पण घट १५–२० द्यावीच लागते. डोळ्याला तो आधी दिसतो. या एका बाबतीत बाजाराशी भांडण्यात अर्थ नाही. विकणारा असाल तर कमीत द्या. घेणारा असाल तर असाच नग शोधा, फायद्याचा सौदा आहे.

क्र. १८, सुपर-टाकुमार ५० एफ/१.४, कडेला २ मिमीचा टवका. आतला ताजा काचेचा खड्डा आरशासारखा चमकतो, ती चमक मारली की झालं. अल्कोहोलने खड्डा पुसला, तीन शून्यांच्या बारीक ब्रशने मॅट काळी शाई फक्त खड्ड्यात, बाहेर गेलेली टूथपिकने खरवडली, २४ तास सुकू दिलं. बाजूच्या दिव्यात आधी एक पांढरा तुरा दिसत होता, तो गेला. घट ३०. शाई लावल्याचं सांगायचं, फोटोही दाखवायचा.

३० जुलै

मागची काच. ‘मागचा ओरखडा पुढच्यापेक्षा दहापट वाईट’ असं सर्रास म्हणतात. सगळ्या लेन्सना ते सारखं लागू नाही.

मागच्या काचेवर झोताचा व्यास म्हणजे काच ते सेन्सर अंतर भागिले एफ आकडा. ५० मिमी एफ/१.८ मध्ये हे अंतर सुमारे ३८ मिमी धरलं तर झोत २१ मिमी. पुढे २७.८ होता. क्षेत्रफळात पावणेदोन पट, बस. क्र. ७, निकॉर ८०-२०० एफ/२.८: २०० मिमीला पुढे झोत ७१ मिमी, मागची काच सेन्सरपासून ५० मिमी धरली तर तिथे १८ मिमी. क्षेत्रफळात सुमारे सोळा पट. तेव्हा लांब लेन्सच्या बाबतीत म्हण खरी, पन्नासच्या बाबतीत ताणलेली. मात्र मागे उधळलेल्या प्रकाशाला वाटेत दुसरं काही अडवायला नसतं, तो थेट सेन्सरवर सांडतो. त्यामुळे पन्नासलाही मागच्या ओरखड्याची घट पुढच्याच्या दुप्पट ठेवली.

क्र. ७ ला मागे ४ मिमीचा ओरखडा आहे, मागचं झाकण वेडंवाकडं बसवताना लागतो तसा. पुढची मोठी काच लखलखीत. घेणारे पुढूनच बघतात, मागचं झाकण काढत नाहीत. आमच्या यादीत मागचा फोटो पहिला ठेवला. घट ४०.

३ ऑगस्ट

आतलं.

धूळ: घट शून्य. खळखळ करून ‘बघा किती धूळ’ म्हणणाऱ्याला भाव सोडायचा नाही. झूम लेन्स पंपासारखी हवा ओढते, धूळ येणारच. काढायला उघडली की पुन्हा बसवताना जास्त जाते.

क्र. ३, निकॉर ३५-७० एफ/२.८ डी: मागच्या गटात दुधाळ थर. या लेन्सचं हे नेहमीचं दुखणं. वरून रंगसुद्धा गेलेला नाही, हातात वजनदार, बघताच कोणीही पूर्ण भाव देईल. खिडकीकडे तोंड करून काढलेला फोटो धुक्यातला. थर पुसण्याजोगा असेल तर घट १५, चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये असेल तर ६०. टॉर्चमध्ये थराला कुठेही पुसल्याची रेघ पडत नाही, कडेला इंद्रधनुषी किनार नाही. उघडून बघितल्याशिवाय ठरत नाही, आणि उघडण्याची मजुरी लेन्सच्या निम्मी. तशीच, सांगून विकायची.

क्र. ४, मायक्रो-निकॉर ५५ एफ/२.८: ब्लेडवर तेल. हाही ओळखीचा आजार. डोळ्याला फक्त एक चमक दिसते, पण ब्लेड आळसावतात आणि एफ/११ ला फोटो जास्त उजळ येतो. तपासणी: एफ/११ ला लागोपाठ दहा फोटो, उजेड सारखा हवा. इथे पहिले तीन एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ. घट ३०.

क्र. १७, हेलिओस. कडेला फंगस, कोळ्याच्या जाळ्यासारखी. नावाची रिंग रबरी बुचाने फिरवली, घट्ट होती, आटा धरला होता. एक थेंब अल्कोहोल, दहा मिनिटं, मग निघाली. काच काढण्याआधी तिच्या घरावर आणि बॉडीवर पेन्सिलने एकच रेघ. मिश्रण: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समभाग, लागेल तेवढंच, उघड्या वाटीत. बंद बाटलीत ठेवलं तर वायू धरून बाटली फुटू शकते. हातमोजे, खिडकी उघडी. लेन्स टिश्यू भिजवून काचेवर दोन मिनिटं ठेवला, पुसला, डिस्टिल्ड पाणी, शेवटी अल्कोहोल. चिकटवलेल्या जोडकाचा कधी बुडवायच्या नाहीत, कडेतून आत शिरतं.

जाळं गेलं. खाली तीन बारीक नक्षीदार रेघा राहिल्या. फंगसच्या आम्लाने कोटिंग खाल्लंय, ते परत येत नाही. ‘फंगस काढली’ आणि ‘फंगस नव्हती’ यांत एवढा फरक राहतोच. बिनडागी निघाली असती तर घट १५, आता ३५.

क्र. १८ चा पिवळेपणा: या जातीच्या नंतरच्या आवृत्तीत थोरियमयुक्त काच आहे, तिच्या किरणोत्साराने काच चहासारखी होते. डाग म्हणून लोक भाव पाडतात, पण हा एकच दोष फुकटात उतरतो. यूव्ही एलईडीचा दिवा, खाली फॉइल, मागची काच दिव्याकडे. तीन ऑगस्टला लावली, दररोज पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढायचा.

११ ऑगस्ट

क्र. १८ चा रंग चहावरून फिकट लिंबावर आला. दिवा बंद.

बाहेरून एक कॅनन १८-१३५ भाव सांगायला आली. अंगावर एक ओरखडा नाही, रबर काळंभोर, काचा स्वच्छ. मागणी स्वच्छ नगाची. खटकलं ते दोन ठिकाणी: माउंटच्या चार स्क्रूपैकी दोन नवे चकचकीत, आणि झूम रिंग फिरवताना बारीक करकर. जुने दोन स्क्रू काढले. (जपानी लेन्सना जेआयएस पेचकस, साध्या फिलिप्सने खाच गोल होते.) आट्यांत तपकिरी गंज. झूमचं रबर कडेने उचललं तर खाली राखाडी, वाळलेला, मऊ गाळ, आणि आतल्या नळीवर एक सरळ आडवी रेघ. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, त्यानंतर अशा लेन्स बाजारात फिरतायत. एवढी स्वच्छ लेन्स पाण्यात होती. रिबनच्या (आतल्या चपट्या तारेच्या) तांब्यावर हिरवट गंज आला की ऑटोफोकस आज चालतो, उद्या नाही. किंमत सुट्या भागांची.

म्हणून यादीत एक पायरी वाढवली: अति स्वच्छ नगाचं रबर उचलून बघायचं.

२९ ऑगस्ट

गणपतीत गल्लीच्या मांडवाला माळा लागल्यात. गरब्याच्या मैदानासारखा मागचा उजेड आयता मिळाला, त्यावर चाचणी. क्र. १० लावली, एफ/१.८, फोकस १ मीटरवर, माळा वीसेक मीटर मागे.

धूसर दिव्याचं गोल वर्तुळ म्हणजे लेन्सच्या तोंडाचीच सावली असते. काचेवर जे असेल ते वर्तुळात उमटतं. ८५ मिमी एफ/१.८ ला तोंड ४७ मिमी, फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सर) वर्तुळ साधारण ४.२ मिमी, चौकटीच्या रुंदीच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढं. समोर लावलेल्या फिल्टरवर २ मिमीचा टेप चिकटवला: प्रत्येक वर्तुळात उंदराने कुरतडल्यासारखा काळा ठिपका, चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत सुमारे ३० पिक्सेल रुंद. भिंतीच्या फोटोत एफ/१.८ ला याहून मोठा टेपसुद्धा दिसला नव्हता. मग क्र. १७: कडेच्या तीन रेघा वर्तुळांच्या कडेला केसासारख्या. क्र. १८ चा शाई भरलेला टवका: वर्तुळाला एक चावा. काळी शाई उधळण थांबवते, हा चावा थांबवत नाही.

म्हणजे जुलैचा हिशोब रात्रीच्या फोटोंसाठी अपुरा होता. माळांसमोर काम करणाऱ्याला पुढच्या काचेचा टवका खरोखर दिसेल. क्र. १८ च्या वर्णनात मांडवाचा फोटो घातला, घट ३० वरून ३५.

७ सप्टेंबर

भाव लावले. दोन दुरुस्त्या सगळ्या आकड्यांवर.

एक, स्वस्त लेन्सवर टक्क्यांचा हिशोब लागत नाही. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सला फंगस काढायची मजुरी तिच्या किमतीपेक्षा जास्त, तेव्हा दोष लहान असला तरी घट ७०. महाग लेन्सवर तोच दोष १५ मध्ये सुटतो.

दोन, गिऱ्हाईक कोण. संग्राहकाला खोकं, हूड, मूळ झाकण आणि न खरवडलेली नावाची रिंग हवी. पेचकसाच्या एका ओरखड्याने तो निम्म्यावर येतो. काम करणाऱ्याला रंगाशी घेणंदेणं नाही. अमेरिकेतल्या केईएच या जुने कॅमेरे विकणाऱ्या दुकानाने जुन्या मालाला ‘बार्गेन’ आणि ‘अग्ली’ अशा श्रेण्या उघड ठेवल्यात, कुरूप नगालाही तिथे नाव आणि भाव मिळतो. आपल्याकडे सगळ्याच लेन्स ‘एकदम मिंट कंडिशन’मध्ये असतात, मग गिऱ्हाईक प्रत्येकीवर संशय धरतं.

वर्णनात शब्द ठरवून घेतले. ‘किरकोळ’ लिहायचं नाही. ‘पुढच्या काचेवर ६ मिमीचा एक ओरखडा, घड्याळात चारच्या जागी, नखात अडकतो, एफ/८ पर्यंत फोटोत दिसत नाही’ असं लिहायचं.

१४ सप्टेंबर

१९ पैकी १४ गेल्या. कोरलेल्या नावाची क्र. १ पावतीसकट पहिल्याच दिवशी, ठरवलेल्या भावाच्या वर. पोच्याची ८५ गरब्याला. क्र. १२ वरचा पांढरा डाग वर्णनात होता, तरी दोघांनी त्यावरूनच भाव पाडायला बघितलं आणि तिसऱ्याने घेतली. दुधाळ ३५-७० एकाने मुद्दाम मागून नेली, त्याला धुकंच हवं होतं.

उरलेल्या पाच हवाबंद डब्यात, क्र. १७ त्यांतच. सिलिका जेल गुलाबी झालं होतं, ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा निळं केलं, थंड झाल्यावरच डब्यात टाकलं. दमटपणाचा काटा ४६ वर. ३० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, फोकसचं ग्रीस सुकतं. क्र. १७ दर रविवारी टॉर्चखाली.